चित्रीकरणाच्या परवानगीवर सही करण्याआधी : साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
सातारा.

विषय : जिल्ह्यात चित्रीकरणात काम करणाऱ्या १४ वर्षांखालील मुलांची ठेव, शाळा आणि कामाचे तास यांची प्रत्यक्ष तपासणी होण्याबाबत.

महोदय,

आपल्या जिल्ह्यात मालिकेचं किंवा चित्रपटाचं शूटिंग असेल आणि त्यात चौदा वर्षांखालचं मूल काम करणार असेल, तर त्याची परवानगी आपल्या कार्यालयातून घ्यावी लागते. ज्या जिल्ह्यात शूटिंग, त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची, म्हणजे आपलीच, परवानगी, असं नियमात स्पष्ट लिहिलं आहे. वाईच्या घाटावर शूटिंग बघायला उभ्या राहणाऱ्या गर्दीला हे माहीत नसतं. मुलाचा हात धरून सेटवर आलेल्या आईलाही बहुतेक वेळा माहीत नसतं. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावं असं लिहिते आहे.

मी स्वतः बालकलाकार होते. वाई तालुक्यातल्या एका गावात वाढले. प्राथमिक शाळेत असताना गावातल्या वाड्यात एका चित्रपटाचं शूटिंग आलं, त्यात छोटंसं काम मिळालं, आणि त्यातूनच पुढे एका मालिकेत नायकाच्या घरातली धाकटी मुलगी झाले. मालिका चांगली चालली. आज मी एका पतसंस्थेत ठेवींच्या काउंटरवर बसते. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या नावाने ठेव कशी ठेवायची, पालनकर्ता म्हणून कुणाचं नाव लावायचं, मूल सज्ञान झाल्यावर कोणते कागद घ्यायचे, हे माझं रोजचं काम आहे. जे मागणार आहे ते करायला किती सोपं आहे, हे मला म्हणूनच ठाऊक आहे.

आधी नियमांचं सांगते. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला सरसकट बंदी आली. दोन सवलती मात्र राहिल्या : शाळा सांभाळून घरच्या कामधंद्यात मदत, आणि कलाकार म्हणून काम. सर्कस त्यातूनही वगळली. कलाकार मुलांसाठीचे नियम २०१७ मध्ये आले. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. शाळेच्या अभ्यासात खंड पडू नये यासाठी निर्मात्याने सोय करायची. दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याच्याकडून काहीही करून घ्यायचं नाही. आणि मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत, त्या मुलाच्या नावाने मुदत ठेवीत थेट जमा करायचा, म्हणजे सज्ञान झाल्यावर तो त्याच्या हातात पडेल. हे सगळं पाळू असं हमीपत्र निर्मात्याने शूटिंग सुरू करण्याआधी आपल्याकडे द्यायचं असतं, मुलांच्या यादीसह आणि पालकांच्या संमतीसह. ते सहा महिने चालतं.

माझं काम हे नियम येण्याआधीच संपलं होतं. पहिल्यांदा ते वाचले तेव्हा एकेका कलमाशी सेटवरचा एकेक दिवस आठवत गेला.

पाच तासांचंच घ्या. कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, सकाळी सातची असायची. वेणी, मेकअप, फ्रॉक करून बसायचं. माझा सीन कधी दहाला लागायचा, कधी दिवेलागणीला. मोठ्या कलाकारांच्या तारखा ठरलेल्या असत, त्यांना दुसऱ्या सेटवर जायचं असे, त्यामुळे त्यांचे क्लोजअप आधी उरकायचे आणि माझा मागे राहायचा. प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोर मी दिवसभरात तासभरसुद्धा नसेन. पण कपडे मळतात म्हणून खेळायचं नाही, केस विस्कटतात म्हणून आडवं व्हायचं नाही, आणि कंटिन्युइटीसाठी, म्हणजे आधीच्या शॉटशी सगळं जुळावं म्हणून, हातातली बाहुलीदेखील खाली ठेवायची नाही. आज एखाद्या निर्मात्याने आपल्याला लिहून दिलं की मुलाने चारच तास काम केलं, तर ते तास कसे मोजले हे आपण विचारावं, अशी माझी विनंती आहे. मेकअपच्या खुर्चीत बसल्यापासून पॅकअपपर्यंत मूल कामावरच असतं.

इच्छेविरुद्ध काही करून घ्यायचं नाही, या कलमाने मी फार वेळ थांबले. मालिकेत माझी आई देवाघरी जाते असा सीन होता. ग्लिसरीनने डोळे लाल व्हायचे, पण मला हवं तसं रडू येत नव्हतं. तेव्हा युनिटमधल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझी खरी आई तुला इथेच सोडून गावाला निघून गेली आहे, आता येणार नाही. मी रडले. टेक ओके झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग आईला पुढे आणलं. ती चहा प्यायला नेली होती म्हणे. तो एपिसोड गाजला. लोक मला अजून त्या सीनवरून ओळखतात आणि कौतुक करतात. साहेब, त्या रडण्यात अभिनय नव्हता. एका लहान मुलीला खरोखर वाटलं होतं की आई गेली. त्यानंतर कितीतरी दिवस आई मोरीत गेली तरी मी दाराशी उभी राहायचे. आताच्या नियमांनुसार कार्यक्रमाबरोबर अशी पाटी दाखवायची असते की चित्रीकरणात मुलांचा छळ, हेळसांड, पिळवणूक होऊ नये म्हणून सगळी काळजी घेतली. तेव्हा अशी पाटी असती, तरी ती खरी की खोटी, हे ठरवायला त्या दिवशी तिथे सेटच्या पगारावर नसलेलं एकही माणूस नव्हतं.

आता पैशांचं. मालिकेत पेमेंट साधारण नव्वद दिवसांनी येतं. माझा चेक वडलांच्या नावाने यायचा. वडील ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. त्या पैशातून घरावर स्लॅब पडला, थोरल्या बहिणीचं लग्न झालं, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. यातली एकही गोष्ट चुकीची नव्हती आणि वडलांवर माझा काडीचाही राग नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की यातले थोडे पोरीच्या नावाने ठेवायचे असतात. कायदा नेमका अशाच वेळी कामाला यायला हवा. घरात गरज असते तेव्हा भलाभला माणूसही ठेव मोडतो. रोज काउंटरवर बघते मी.

अमेरिकेत हे शंभर वर्षांपूर्वी घडून गेलं आहे. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ सालच्या मूकपटात त्याच्याबरोबर काम केलेला जॅकी कूगन हा मुलगा त्या काळी जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध मुलांपैकी एक होता. लहानपणी त्याने तीस ते चाळीस लाख डॉलर कमावले असावेत असं मानतात. एकवीस वर्षांचा होण्याच्या सुमारास त्याचे वडील अपघातात गेले, आणि नंतर कळलं की बहुतेक पैसा आई आणि सावत्र वडलांनी खर्चून टाकला आहे. १९३८ मध्ये त्याने आईवर दावा लावला. हाती सव्वा लाखाच्या आसपास डॉलर लागले. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे मुलाची कमाई ही आईबापाचीच होती. लोकांना हे इतकं लागलं की १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या कमाईसाठी कायदा केला. तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो, आणि तिथे मुलाच्या कमाईतले पंधरा टक्के वेगळे ठेवावे लागतात. आपला नियम वीस टक्के म्हणतो. आपण त्यांच्यापुढे आहोत, पण कागदावर.

वीस टक्के म्हणजे किती, ते मांडून दाखवते. समजा एका मुलाला दिवसाला दोन हजार मिळतात आणि ते महिन्यात पंधरा दिवस काम करतं. महिन्याचे तीस हजार, त्यातले सहा हजार ठेवीत. मालिका दोन वर्षं चालली तर एक लाख चव्वेचाळीस हजार, व्याज वेगळं. बाकीचे ऐंशी टक्के घरालाच राहतात. दहावीनंतर आयटीआय, नर्सिंग, डिप्लोमा, काहीही करायचं म्हटलं तर एवढ्या रकमेने आमच्या भागातल्या मुलाचा मार्ग बदलतो. माझी बारावी झाली तेव्हा घरात फीला पैसे नव्हते, आणि टीव्हीवर त्याच मालिकेचं पुनःप्रक्षेपण चालू होतं.

शाळेचं दुखणं यापेक्षा लपलेलं असतं. माझं नाव पटावर होतं. गुरुजी चांगले होते, गावाला माझं कौतुक होतं, त्यामुळे हजेरीचं कुणी ताणून धरलं नाही. आठवीपर्यंत नापास करायचं नाही असा तेव्हा नियम होता, त्यामुळे मी वर्गामागून वर्ग पुढे गेले. सेटवर पाठांतर चोख असायचं, दोन-दोन पानांचे संवाद मी एका वाचनात म्हणायचे, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं की पोरगी हुशार आहे, अभ्यास काय कधीही भरून काढेल. काम थांबलं तेव्हा मला भागाकार येत नव्हता. अपूर्णांक तर नाहीच. वर्गातल्या मुलींसमोर ते कबूल करायची लाज वाटायची, कारण त्याच मुली माझी सही मागायच्या. सातवी-आठवीत हायस्कूलच्या एका बाईंनी शाळा सुटल्यावर थांबवून मला गणित शिकवलं. आज मी व्याज काढू शकते ते त्यांच्यामुळे. पण मुलाचं शिक्षण एखाद्या बाई भल्या भेटण्यावर का अवलंबून असावं?

आणि काम कसं थांबतं, तेही आपल्याला सांगायला हवं, कारण सरकारी कागदात त्याला जागाच नाही. मालिकेत लीप येतो. गोष्ट एकदम दहा-बारा वर्षं पुढे जाते, लहान मुलगी मोठी होते आणि तिच्या जागी दुसरी अभिनेत्री येते. मला हे आठवडाभर आधी कळलं, तेही मेकअपच्या खुर्चीत, हेअरड्रेसरताईंच्या तोंडून. शेवटच्या दिवशी केक कापला. पुढच्या सोमवारी मी शाळेत होते, आणि रात्री साडेसात वाजता माझ्याच नावाने, माझ्या घरात, माझ्या बाबांना बाबा म्हणत एक अनोळखी मुलगी टीव्हीवर वावरत होती. घरातल्यांनी कौतुकाने टीव्ही लावला. मी परसात जाऊन बसले.

त्यानंतर काही काळ ऑडिशन झाल्या. कामं मिळवून देणारे कोऑर्डिनेटर आधी म्हणायचे उंची वाढली, मग म्हणायचे दात पडलेत, मग म्हणायचे चेहरा ओळखीचा आहे, प्रेक्षक त्या जुन्या भूमिकेतच बघतील. मग फोन यायचे थांबले. मोठ्या माणसाला कामावरून काढलं तर त्याला निदान तेवढं कळतं तरी. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला असं वाटतं की आपलंच काहीतरी बिघडलं. बाजारात बायका थांबवून विचारायच्या, आता दिसत नाहीस गं? त्यांच्या मनात प्रेमच होतं. उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हतं, आणि ते मला द्यावं असं कुणाला सुचलंही नाही.

मला अभिनय मनापासून आवडायचा. दिवे लागले, शांतता झाली आणि दिग्दर्शकांचा आवाज आला की अंगात जे यायचं ते पुन्हा कशात आलेलं नाही. म्हणून मुलांना कामच देऊ नका, असं मी कधीही म्हणणार नाही. आपल्या भागात तर ही परंपरा आहे. शेजारच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, आणि पुढची कित्येक वर्षं नाटक कंपन्या लहान मुलांच्या गळ्यावर आणि पाठांतरावर चालल्या. कोल्हापूरचे केशवराव भोसले अगदी कोवळ्या वयात कंपनीत गेले, स्त्रीभूमिकांनी गाजले आणि एकतिसाव्या वर्षी १९२१ मध्ये वारलेसुद्धा. सांगलीतच बालपण गेलेल्या लता मंगेशकर वडलांच्या नाटकांतून लहानपणी रंगमंचावर उभ्या राहिल्या. १९४२ च्या एप्रिलमध्ये मास्टर दीनानाथ गेले आणि तेराव्या वर्षात असलेल्या त्या मुलीने घर चालवण्यासाठी चित्रपटांत छोट्या भूमिका केल्या. मेकअप करून कॅमेऱ्यासमोर उभं राहणं आपल्याला कधीच आवडलं नाही, असं त्या पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या. त्यांच्याजवळ तो गळा होता. इतर घरांतल्या मुलींजवळ काय असतं?

ज्यांचं चांगलं झालं त्यांच्याकडे बघितलं तर एक गोष्ट दिसते. १९५३ च्या ‘श्यामची आई’ मधला श्याम, माधव वझे, पुढे प्राध्यापक झाले, नाटकं बसवली, नाट्यसमीक्षा लिहिली. महेश कोठारे लहानपणी हिंदी-मराठीत गाजले आणि दिग्दर्शनात येण्याआधी वकिलीचं शिक्षण घेऊन बसले होते. दोघांचंही शिक्षण सुटलं नाही. दुसऱ्या बाजूला शफीक सय्यद आहे. १९८८ च्या ‘सलाम बॉम्बे’ साठी त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढे तो बेंगळुरूत रिक्षा चालवत असल्याच्या बातम्या आपण वाचल्या. रिक्षा चालवण्यात कमीपणा नाही, माझा भाऊही चालवतो. पण देशाने ज्या मुलाच्या गळ्यात पदक घातलं, त्याच्या शाळेची आणि पैशाची चौकशी त्यानंतर कुणी करायची, हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. आता ठरलेलं आहे. नियमात आपल्या पदाचं नाव आहे.

म्हणून माझं मागणं असं आहे. परवानगीवर सही करण्याआधी निर्मात्याकडून मुलाच्या बँक खात्याचा क्रमांक घ्यावा. हमीपत्र सहा महिन्यांनी संपतं. नवं घेताना आधीच्या सहा महिन्यांच्या ठेव पावत्यांच्या प्रती मागाव्यात. पावती नसेल तर पुढची परवानगी थांबवावी. एवढ्या एका गोष्टीने निम्मं काम होईल, कारण शूटिंगचा एक दिवस थांबणं कुठल्याही निर्मात्याला परवडत नाही.

परवानगीची एक प्रत मुलाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना जावी. आज शाळेला मूल सेटवर असल्याचं टीव्हीवरून कळतं. सेटवर अभ्यासाची काय सोय केली, हे मुख्याध्यापकांनी महिन्याला एकदा लेखी कळवावं, आणि मूल परत आलं की त्याचा कुठला धडा बुडाला हे बघून जादा तासांची सोय व्हावी.

कामगार कार्यालयातलं किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षातलं कुणीतरी न सांगता सेटवर जावं, आणि मुलाशी पाच मिनिटं एकट्याने बोलावं. पालकांसमोर नको, प्रॉडक्शनच्या माणसासमोर तर अजिबात नको. मला त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं. मेकअप रूममध्ये मराठीत एक पाटी लावायला लावा : पाच तास, तीन तासांनी विश्रांती, वीस टक्के, आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर.

आणि जिल्ह्यात एक नोंदवही असावी. कोणत्या मुलाने कोणत्या साली काम केलं, ठेव कोणत्या बँकेत आहे, ते अठरा वर्षांचं कधी होतं. त्या वर्षी आपल्या कार्यालयातून त्याला एक साधं पोस्टकार्ड जावं की तुझी ठेव अमुक बँकेत आहे, अमुक कागद घेऊन जा. कितीतरी मुलांना ठेव आहे हेच माहीत नसेल.

कुणी म्हणेल, इतकं कडक केलं तर शूटिंग दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. वाड्यांना भाडं मिळतं, जीपवाल्यांना काम मिळतं, जेवण पुरवणाऱ्या बचत गटांना ऑर्डर मिळतात, हे मलाही हवंच आहे. पण नियम देशभर एकच आहेत. इथे पाळायचे तेच तिकडेही पाळायचे. कृष्णेचा घाट, मेणवलीचा वाडा, पाचगणीचं पठार उचलून नेता येत नाही, त्यासाठी ते इथेच येणार. आणि सेट ही कामाची जागा आहे, तिथे माणसाच्या जिवाची जबाबदारी कुणावर तरी असली पाहिजे, हे सातारकरांना वेगळं सांगायला नको. २०२० च्या सप्टेंबरात इथे मालिकेच्या शूटिंगला आलेल्या ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर कोरोनाने साताऱ्यातच गेल्या. मोठ्यांची ही गत असेल, तर मुलांसाठी दुप्पट डोळे हवेत.

बँकेचं खातं कसं काढायचं हेच बऱ्याच पालकांना कळत नाही. जन्मदाखला, आधार, पालनकर्त्याची सही यांत ते अडकतात आणि प्रॉडक्शनवाले नंतर बघू म्हणतात. त्यासाठी मी स्वतः यायला तयार आहे. वाई, जावळी, महाबळेश्वर आणि सातारा या तालुक्यांत जिथे मुलं काम करत असतील तिथल्या पालकांना रविवारी भेटून फॉर्म भरून द्यायची माझी तयारी आहे, बँकेत बरोबरही जाईन. याचे पैसे नकोत. आपल्या कार्यालयाने फक्त सध्या परवानगी दिलेल्या शूटिंगमध्ये कोणकोणत्या गावची मुलं आहेत, ते तहसील कार्यालयामार्फत कळवावं. माझं नाव आणि फोन नंबर असलेला वेगळा अर्ज आवक विभागात दिला आहे.

आपली विश्वासू,
एक माजी बालकलाकार
ता. वाई, जि. सातारा